नाडीवरची फेरी

धुक्यात लाँच सोडायची नाही, हा या घरातला एकच नियम कुणी कधी मोडला नव्हता. बाकीचे सगळे मोडून झाले होते. दादा घर सोडून पलीकडे मास्तर झाला, आत्या सासरला कायमचा रामराम ठोकून परत आली, बारकीने लग्नाला सरळ नाही म्हटलं आणि इंजिनात हात घातले. पण सरोवरावर धुकं उतरलं की लाँच धक्क्याला बांधलेली राहायची, मग काठावर कुणी कितीही हातापाया पडो. अगदीच नाइलाज झाला तर ती फक्त बाबांनी सोडायची, आणि तीही आईला शेजारी उभं करून, तिच्या हातात आपलं डावं मनगट देऊन.

आणि आज बाबाच लाँचच्या बाकावर आडवे होते. डोकं आत्याच्या मांडीवर, कपाळ घामाने डबडबलेलं, ओठ पांढरेफटक.

"सोड," आई म्हणाली.

बारकी सुकाणूशी उभी होती. ती नावालाच बारकी. वय चौतीस आणि अंगापिंडाने अशी की इंजिनाचं झाकण एका हाताने उचलायची. पण आत्ता तिने सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "आई, पुढचा दोरसुद्धा दिसत नाहीये गं."

"मला कुठे दिसतोय? सोड म्हटलं ना."

दादाने दोर सोडला. दोन दिवसांसाठी म्हणून आलेला, पायात शाळेचे बूट, आणि दोर मात्र असा सोडला की जणू कालपर्यंत तेच काम करत होता. लाँच हलली. एका दमात धक्का गेला, आरोग्य केंद्राची पिवळी भिंत गेली, धक्क्यावर उभी असलेली डॉक्टरीणबाईही विरघळून गेली. उरला तो नुसता कापसासारखा पांढरेपणा आणि त्यात इंजिनाचा दबका आवाज.

त्या पोरीचा चेहरा बारकीच्या डोळ्यांसमोरून जाईना. सव्वीस वर्षांची असेल नसेल. बाबांना सकाळी सातलाच छातीत जळजळायला लागलं होतं. पहिली फेरी चुकायला नको म्हणून ते सोडा घालून पाणी प्यायले आणि गप्प बसले. आठला डावा हात जड झाला, तो त्यांनी झोपलाय समजून झटकला. साडेआठला धक्क्यावर मटकन खाली बसले, तेव्हा कुठे सगळ्यांची धावाधाव झाली. डॉक्टरीणबाईने छातीला वायरी लावून पट्टी काढली, तिचा फोटो पलीकडे हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: मोठी नळी बंद आहे, ताबडतोब पाठवा.

"गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं," ती म्हणाली होती. "ते इथे असतं तर मी या घटकेला दिलं असतं."

"मग आणून ठेवायला काय धाड भरली?" आत्याने विचारलं.

"तीनदा मागणी लिहिली, आत्या. आपलं केंद्र त्या यादीत बसत नाही म्हणतात."

"यादीत बसत नाही! अलीकडच्या काठच्या माणसांना काय काळीज नसतं?"

पोरीने मान खाली घातली. केंद्राची एकुलती एक अँब्युलन्स पहाटेच बाळंतिणीला घेऊन गेली होती. रस्त्याने सरोवराला वळसा घालून जायचं तर साडेचार तास. पाण्याने पाऊण तास. तिने बाबांना एक गोळी चावायला दिली, ऑक्सिजनची नळकांडी लाँचवर चढवली, आणि म्हणाली, "मी आले असते हो. पण माझ्यामागे इथे कुणीच नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बारकीला तिचा राग येण्याऐवजी तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

*

केबिनच्या भिंतीवर खडूने तीन आकडे लिहिलेले होते. लाल पिंप, पाचशे चाळीस. कातळाचं तोंड, हजार दहा. पलीकडचा धक्का, सातशे नव्वद. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळलं नसतं आणि कळू नये अशीच घराची इच्छा होती.

ते बाबांच्या नाडीचे ठोके होते. आजोबांनी ही रीत पाडली. घड्याळ ओलाव्याने बंद पडतं, नाडी बंद पडत नाही, असं ते म्हणायचे. दिशेला होकायंत्र आणि अंतराला नाडी. इंजिन एकाच चालीवर ठेवायचं, बायकोने मनगट धरून मोजायचं, आकडा भरला की वळायचं. बाबांनी सुकाणू हातात घेतल्यावर आजोबांचे आकडे पुसून स्वतःचे लिहिले, कारण प्रत्येकाची नाडी वेगळी. बाबांची तर अशी की धुक्यात माणसं जीव मुठीत धरून बसलेली असताना तिची चाल तसूभर बदलायची नाही. ठिकाण दाखवणारं एक यंत्र मागल्या वर्षी बसवलं होतं, ते दुरुस्तीला पलीकडे गेलं ते गेलंच. आणि काठ सुटला की मोबाइल नुसता हातातला दगड.

"दहा… वीस… तीस…"

बारकीने दचकून मागे पाहिलं. आई बाकाशेजारी खाली बसली होती. बाबांचं मनगट तिच्या दोन बोटांत होतं आणि डोळे मिटलेले. कुणी सांगितलं नव्हतं. छत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप तिथे गेला होता.

तो आवाज ऐकला आणि बारकीची सुकाणूवरची पकड सैल झाली. लहानपणी ती याच बाकाखाली पोत्यावर झोपायची. बाहेर सगळं पांढरं, वर आईचं हळू आवाजातलं मोजणं, आणि मध्येच बाबा म्हणायचे, "हं, वळतोय." तिला तेव्हा वाटायचं, हे दोघं मिळून लाँच नाही चालवत, सगळं सरोवरच हळूहळू ओढून घेतात आपल्याकडे. आत्ताही तसंच वाटलं. पाणी नव्हतं, आकाश नव्हतं, फक्त आकडे होते आणि त्यांच्यावर तरंगत चाललेली चार माणसं आणि एक बाबा.

"आजोबांनी त्या कागदावर सही केली नसती," दादा एकाएकी म्हणाला, "तर आज ही वेळ आली नसती."

"झालं सुरू," आत्या पुटपुटली.

"का नाही बोलायचं? तीस वर्षांपूर्वी सरकारी माणसं विचारायला आली होती, हॉस्पिटल कुठल्या काठावर बांधू म्हणून. आणि आपल्याच घरातून लिहून गेलं, पलीकडे बांधा, आमची लाँच आहे. का? तर आजारी माणसं, त्यांची माणसं, त्यांचे डबे, सगळं आपल्याच लाँचने जाणार. आज तिथे हृदयाची तीन हॉस्पिटलं आहेत, आत्या. माझ्या शाळेतला शिपाई छातीत दुखतं म्हणून चालत गेला आणि तिसऱ्या दिवशी घंटा द्यायला हजर. आणि इथे?"

"तुझा आवाज खाली कर. त्याला त्रास होतोय."

"एवढ्यासाठीच घर सोडलं मी."

"माहितीये रे बाबा. ओरडून ओरडून सोडलंस, पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं."

"पाचशे वीस… तीस… पाचशे चाळीस," आई म्हणाली.

"वळतेय," बारकी म्हणाली आणि तिने सुकाणू डावीकडे घातलं.

*

लाल पिंप दिसलं नाही. ते उजव्या हाताला, अगदी हात लावता येईल असं यायला हवं होतं. धुकं फार दाट आहे, निसटलं असेल, असं बारकीने स्वतःला समजावलं. आईच्या आकड्यावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती. मग पाण्याचा वास बदलला. कुजक्या गवताचा वास. काहीतरी खालून घसटलं, लाँच एकदा कण्हल्यासारखी झाली आणि थांबली.

"चिखल," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "लव्हाळ्यात घुसलो आपण. आई, तू नीट मोजलंस ना?"

"नीटच मोजलं. हाताला लागलं तसं मोजलं." आईने डोळे उघडले. तिने मनगटाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. "अगं बाई. ही पळतेय. ही त्यांची नेहमीची नाहीये गं. मध्येच अडखळतेय, परत पळतेय… आणि मी खुळ्यासारखी मोजत बसले!"

आजारी नाडीवर त्यांनी लाँच हाकली होती. या घराबाहेरच्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती.

"आई, रडू नकोस," दादा म्हणाला. तो आता गुडघ्यांवर बसला होता, मास्तर फळ्यासमोर असतो तसा शांत. "सुटलो तेव्हा नऊ वीस झाले होते. तू पाचशे चाळीस म्हणालीस तेव्हा मी घड्याळ पाहिलं, नऊ सव्वीस. आता एवढंच सांग, बाबांची नेहमीची नाडी मिनिटाला किती?"

आईने बारकीकडे पाहिलं, बारकीने आत्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं त्या नाडीवर हजारो माणसं पार झाली, पण ती मिनिटाला किती हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. बाबा आयुष्यात डॉक्टरकडे गेले नव्हते. आजपर्यंत.

"आणि आकडे तर सगळे तिच्यातच," बारकी म्हणाली. "म्हणजे संपलंच की सगळं."

"गप गं," आत्या म्हणाली. मग ती भावजयीकडे वळली, आणि जन्मभर जिला तिने फक्त टोमणे मारले तिच्याशी अशा आवाजात बोलली की बारकीला आपण स्वप्नात आहोत असं वाटलं. "हे बघ, मनगट सोड त्याचं. सोड. डोळे मीट. छत्तीस वर्षं धरलास हा हात. रात्री शेजारी झोपलीस. आठवत नाही तुला?"

"वन्सं, असं कसं आठवेल?"

"मला त्याचं रडणं अजून आठवतं, पाळण्यातलं. तुला एवढंही आठवू नये?"

आईने मनगट अलगद बाकावर ठेवलं. रिकामा हात मांडीवर घेतला, दोन बोटं हवेतच धरावीत तशी जुळवली. बराच वेळ काही झालं नाही. पाणी लाँचच्या अंगाला हळूच लागत होतं. मग तिचं बोट हललं. परत हललं. संथ, ढिम्म, कशाचीही घाई नसलेलं.

दादा घड्याळाकडे बघत होता. "मिनिट झालं. किती?"

"बावन्न," आई म्हणाली.

"परत."

"बावन्न."

तिसऱ्यांदाही बावन्न. दादाने घड्याळावरून डोळे उचलले आणि आईकडे असं पाहिलं की जणू ही बाई त्याने आज पहिल्यांदाच पाहिली. मग तो भराभर बोटांवर हिशेब मांडू लागला. "पाचशे चाळीसला बावन्न, म्हणजे साडेदहा मिनिटांना जरा कमी. आपण सहाच मिनिटं गेलो आणि वळलो. बारके, वळल्यापासून चार मिनिटं झाली होती चिखल लागेपर्यंत. तेवढीच मागे घे. मग पुन्हा जुन्या दिशेला, साडेचार मिनिटं. जमेल?"

"चिखल सोडू दे आधी," बारकी म्हणाली आणि इंजिनाशी वाकली. इंजिन कळवळलं, खोकलं, आणि त्याने एकदाचा चिखल सोडला.

साडेचार मिनिटं. आई मोजत होती, दादा घड्याळ बघत होता, बारकी होकायंत्रावरून नजर हलवत नव्हती. आणि उजव्या हाताला, पांढऱ्यातून, आधी नुसता एक गुलाबी डाग, मग गंजलेलं, शेवाळलेलं, लाल पिंप.

"आलं गं बाई, आलं!" आत्या ओरडली आणि तिने पिंपाला हात जोडले.

*

कातळाच्या तोंडापर्यंतचा पल्ला सगळ्यांत लांब. दादाने घड्याळ खिशात टाकलं. त्याची आता गरज नव्हती. आईचा आवाज चालला होता, न थांबता, तिच्या मांडीवरच्या रिकाम्या हातातून. बाकावरचं खरं हृदय धडपडत होतं आणि तिच्या हातातलं, निरोगी असलेलं, लाँच ओढत होतं.

बाबांनी डोळे उघडले. नळी लावलेल्या तोंडातून काहीतरी म्हणाले. दादा जवळ वाकला.

"माझी," बाबा म्हणाले. "सही… माझी होती. तुझ्या आजोबांची नाही."

दादा हलला नाही. बारकीनेही मान वळवली नाही. तिची नजर सुईवर होती, पण कान सगळे मागे.

"तुला माहीत होतं?" दादाने आत्याला विचारलं.

"मला माहीत होतं. तुझ्या आईला माहीत होतं. तू म्हाताऱ्यावर राग काढत होतास, तो तर गेलेला. त्याला काय फरक पडणार होता? म्हटलं, काढू दे. बापाशी तरी बोलत राहील."

"बोललो कुठे? अकरा वर्षं धड बोललो नाही."

"पाऊण तासात पोचवतो… म्हणून लिहिलं होतं मी," बाबा म्हणाले. प्रत्येक शब्दाला ते थांबत होते. "पाऊण तास म्हणजे काय… असं वाटलं होतं. आता बघ. किती मोठा झालाय." त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. "किती जणांना… मी… पोचवता नाही आलं."

बारकीला ते सगळे आठवले. सुताराची आई, जी याच बाकावर गेली. टपालवाला, ज्याला धुक्यापायी धक्क्यावरच थांबवलं, आणि जो धुकं विरेपर्यंत थांबला नाही. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते, हेही आठवलं. नियम मोडायला हवा होता असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि ती बोलली नव्हती.

दादाने बापाचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बाबा, आता बोलू नका. मला भांडायचंय तुमच्याशी. नीट, खडखडीत बरे झाल्यावर. असं पडल्यापडल्या सुटका नाही तुमची."

"हजार," आई म्हणाली. तिचे गाल ओले होते, पण आवाज हलला नव्हता. "हजार दहा."

"वळतेय," बारकी म्हणाली. दोन्ही बाजूंनी काळे कातळ आले, अगदी जवळून, आणि त्यांना रस्ता देऊन मागे सरले.

*

पलीकडच्या धक्क्यावर स्ट्रेचर घेऊन माणसं उभीच होती. धक्क्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत गाडीने तीन मिनिटं. दारापासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत लिफ्टने एक. मग दरवाजा बंद झाला आणि चौघंजणं गुळगुळीत खुर्च्यांवर बसली, पायांना चिखल तसाच.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा आत्याला आत्ताच कुठे टेकल्यासारखं वाटत होतं. "झालं," ते म्हणाले. "नळी उघडली. अठ्ठावीस मिनिटं लागली."

"अठ्ठावीस?" बारकी म्हणाली. "बस्स?"

"काम एवढंच असतं. पण उशीर झालाय. हृदयाचा बराच भाग दुखावलाय, तो पहिल्यासारखा होणार नाही. वाचले हे महत्त्वाचं. तासभर आधी का नाही आणलंत? कुठून आलात?"

बारकीने खिडकीतून बोट दाखवलं. धुकं आता विरलं होतं. ऊन पडलं होतं, पाणी चकाकत होतं, आणि समोर, स्पष्ट, त्यांचा धक्का, तिकिटाची टपरी, आरोग्य केंद्राची पिवळी भिंत.

डॉक्टर खिडकीपाशी गेले. "तिथून? ते तर मला रोज दिसतं. चहा पिताना."

"आम्हालाही तुमचं रोज दिसतं," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी खिडकीतून पुन्हा एकदा तो धक्का पाहिला.

दुपारी एकला फेरी होती. तिकडच्या धक्क्यावर माणसं खोळंबली असणार. बारकी निघण्याआधी बाबांना बघायला आत गेली. ते जागे होते, एवढेसे दिसत होते. उशाशी पडद्यावर हिरवी रेघ धावत होती आणि कोपऱ्यात एक आकडा सतत बदलत होता.

"बारके," ते म्हणाले. "भिंतीवरचे आकडे. ते आता कुणाचेच नाहीत. मिनिटं लिही. मोठ्या अक्षरात. आणि त्या डॉक्टरीणबाईला दाखव, सुताराला दाखव, कोण विचारेल त्याला दाखव. केबिनला कुलूप नको."

"आणि धुक्यात?"

"धुक्यातच तर पाहिजे. मी आडवा पडलो तेव्हा नियम मोडलात. इतरांसाठीही मोडा."

बारकीने मान डोलावली. "जुने पुसू?"

"पुसू नकोस," आई म्हणाली. "खाली लिही."

आईने कधी स्टूल ओढून घेतलं ते कळलं नव्हतं. बाबांचं डावं मनगट तिच्या दोन बोटांत होतं. बाबांनी मान तिच्याकडे वळवली. त्यांना पडदा दिसत नव्हता, तो त्यांच्या डोक्याच्या मागे होता.

"किती गं?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर सत्त्याण्णव होते. आईने ते पाहिले. मग डोळे मिटून तिने मिनिटभर मोजलं, अगदी पुरं मिनिटभर.

"बावन्न," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा सैल पडला. पायथ्याशी उभ्या असलेल्या दादाने तोंड उघडलं. सगळ्या जगाच्या चुका सुधारत आलेला माणूस तो. मग त्याने तोंड मिटलं आणि ते चुकीचं उत्तर तसंच राहू दिलं.